साखळीतले हात

भात झोडून कणगीत पडलं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की माणगावच्या आसपासच्या गावांत एखादं खाचर मैदानासाठी निवडलं जातं. रस्त्याजवळचं, सपाट, आणि ज्याचा मालक वाल पेरायची घाई करणार नाही असं. पोरं कुदळी घेऊन धसकटं खणून काढतात, ढेकळं फोडतात, पाणी शिंपडतात, जमीन चोपतात. वरून शेणाचा हात फिरतो. तळव्याला जमीन गार आणि गुळगुळीत लागू लागली की फक्कीच्या रेषा पडतात: मध्यरेषा, दोन्हीकडच्या निदानरेषा, कडेच्या राखीव पट्ट्या. मार्गशीर्षापासून शिमग्यापर्यंत, आणि मे महिन्यात चाकरमानी घरी आले की पुन्हा, असा हा कबड्डीचा हंगाम. काळ प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी ज्या गावांना मिळालं तिथे उन्हाळी भात आलं आणि मोकळी खाचरं कमी झाली. तरी मैदानापुरती जागा कोणी ना कोणी सोडतंच.

एवढं मी स्वतः पाहिलेलं. त्याआधीचं सगळं ऐकलेलं आहे: आजोबांकडून, मधल्या काकांकडून, आणि काकांच्या कॉलेजच्या टीममधल्या एका गड्याकडून, ज्यांना आम्ही भावंडं लहानपणापासून मामा म्हणतो. हारजितीच्या गोष्टी तिघांनीही भरपूर सांगितल्या. पण त्या ऐकता ऐकता माझं लक्ष दुसरीकडेच लागत गेलं. या खेळात पकड करायला सातजण उभे राहतात ते एकमेकांचे हात धरून. कोपऱ्यातला गडी शेजारच्याचं मनगट धरतो, आणि चढाई करणारा आत आला की दोघं मिळून त्याच्यामागे दार लावतात. म्हणजे खेळाची सुरुवातच दुसऱ्याचा हात हातात घेण्यापासून. मग आमच्या भागात, जिथे माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, तिथे हे हात कोणाचे होते? कोणी कोणाचा धरला, आणि कधी?

आजोबा १९२७ साली बारा-तेरा वर्षांचे होते. खोताची जमीन कसणारं कुणब्याचं घर, गुरं राखणं हीच त्यांची शाळा. माळावर महारवाड्यातली पोरंही गुरं घेऊन येत. दुपारी गुरं सावलीला बसली की हुतूतूचा डाव पडे. मैदान, रेषा, पंच, काही नाही. काठीने ओढलेली एक रेघ, आणि दम. आजोबा सांगत, की माळावर कोण कोणाला शिवतंय हे बघायला मोठं माणूस नसे, म्हणून तो डाव होऊ शकला. ‘शिवल्याबिगर हुतूतू व्हयाचा कसा?’ असं ते विचारत, आणि हा प्रश्न त्यांना खरोखर पडलेला असे.

संध्याकाळी गावात शिरण्याआधी सगळी पोरं काळ नदीत बुडी मारत. आजोबांची आई विचारी, अंग ओलं कशानं? ‘गुरं धुतली,’ हे ठरलेलं उत्तर. तिला कळत नसेल असं मला वाटत नाही. वाडग्यात बांधलेल्या गुरांची पाठ कोरडी असे, हे कोणत्याही शेतकरणीला हात न लावता दिसतं. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यामुळे माळावरचा डाव चालू राहिला. आमच्या घराण्यातल्या पहिल्या कबड्डी संघटक म्हणून मी पणजीचं नाव घेतो.

त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलं. माणगावाहून महाड काही फार लांब नाही. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी त्या परिषदेसाठी या सगळ्या पट्ट्यात माणसं जमवली होती. तळ्यावरून परतणाऱ्यांना महाडात मारहाण झाली, वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची आवई उठवून. आजोबांना तेव्हा एवढंच समजलं, की महारवाड्यातली पोरं त्या दिवसांत माळावर आली नाहीत. मग आली. पण आल्यावर पहिल्यासारखा डाव पडायला वेळ लागला, कारण आता दोन्ही बाजूंच्या पोरांना ठाऊक झालं होतं, की आपण जे करतो त्याच्यावरून माणसं डोकी फोडतात.

या सुमाराचा कबड्डीचा छापील इतिहास वाचला, की आजोबांचा माळ त्याच्या शेजारी ठेवावासा वाटतो. १९२१ साली साताऱ्यात या खेळाच्या नियमांची पहिली चौकट बांधली गेली. १९२३ साली बडोद्यात हिंद विजय जिमखान्याच्या पुढाकाराने सुधारलेल्या नियमांनी अखिल भारतीय सामने झाले. तोवर गावोगाव निराळी तऱ्हा होती. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा उठे, गामिनीत सगळी फळी बाद होईपर्यंत बाहेर बसून राही, अमरमध्ये कोणी बाद म्हणून बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजत. पुढे संजीवनी टिकली आणि तिच्यावरच आजचा खेळ उभा आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यातही हा खेळ होता. पट्टीने मापं ठरली, गडी किती, वेळ किती, गुण किती, सगळं कागदावर आलं. कोणी कोणाला शिवावं याबद्दल त्या कागदात एक अक्षर नाही. ज्यांनी नियम लिहिले त्यांना ते लिहावंसं वाटलं नाही, आणि मैदानं जिथे होती त्या गावांनी ते न लिहिता पाळलं.

आजोबा अठराव्या वर्षी मुंबईला गेले. आधी चालत, मग मोटारीने धरमतरला, तिथून बोटीने. गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायला जागा मिळाली आणि ओळखीने एका गिरणीत काम. ते साचेवाले झाले. साच्यावर धोटा धावतो, त्यातली कांडी संपली की नवी भरायची, आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. ही एवढीशी क्रिया, दिवसात शेकडो वेळा. दुसऱ्याच्या तोंडचं सूत आपल्या तोंडाला लागेल म्हणून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात घेत नसत. चांगला पगार साचेखात्यात, आणि त्यांची भरती मात्र कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हीच गोष्ट कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवली होती.

गिरणीची कबड्डीची टीम मात्र सगळ्या खात्यांतून निवडली जाई. संध्याकाळी पाळी सुटली की चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत सराव. आजोबा मध्यरक्षक, आणि त्यांच्या डावीकडे कोपऱ्यात सूतखात्यातला एक गडी, महाडकडचा. आजोबा सांगत: ‘खात्यात त्याचा हात सुताला चालत नव्हता. मैदानात त्याच्या हाताबिगर माझी पकड व्हत नव्हती.’ वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांचं मनगट धरून साखळी केली. आजोबांचे हात म्हातारपणीही राठ होते. डाव्या हाताचा अंगठा थोडा वाकडा होता, एका पकडीत मोडलेला. त्या अंगठ्याचा त्यांना अभिमान होता.

पण शिमग्याला तेच आजोबा गावी येत तेव्हा वाडीच्या टीममधून खेळत. महारवाड्याची टीम वेगळी, मैदान वेगळं, होळीही वेगळी. मधे ओढा. दोन्ही मैदानांवर मुंबईहून आलेले, गिरण्यांत एकमेकांशी खेळलेले गडी असत, आणि त्यांचा आपसात एकही सामना कधी झाला नाही. मी आजोबांना विचारलं होतं, तुम्ही का नाही बोललात? ते म्हणाले, ‘मुंबईत माझा पगार व्हता. गावात माझी जमीन व्हती.’ याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मला वाटतं याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नव्हतंही.

ओढा ओलांडला तो काकांच्या पिढीने, आणि तोही गावात नव्हे, कॉलेजात. १९६० च्या दशकात महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं. संस्था बाबासाहेबांनी काढलेली, कॉलेजला नाव बाबासाहेबांचं. माणगाव, गोरेगाव, लोणेरे, दासगाव, पोलादपूर इथली शेतकऱ्यांची, मजुरांची पोरं एसटीने महाडला जाऊ लागली. कित्येक घरांतला कॉलेजचं तोंड बघणारा तो पहिलाच मुलगा. काका त्यांतले. १९७२-७३ च्या हंगामात ते कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये होते. याच टीमबद्दल मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत आलोय आणि याच टीमबद्दल ते न कंटाळता सांगतात.

त्या साली कबड्डीला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला, सदानंद शेट्ये यांना. गावठी म्हणून हिणवलेल्या खेळाचं नाव दिल्लीत निघालं, याचा पोरांना केवढा हुरूप आला असेल! त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिची पत्रकं महाडपर्यंत पोचत. मामांच्या वहीत त्यातलं एक घडी करून ठेवलेलं असे.

कॉलेजचा हंगाम गावच्या हंगामाच्या उलटा. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी तयारी पावसातच सुरू करावी लागे. लावणीच्या दिवसांत अर्धी टीम शेतावर. पाऊस उघडला की चिखलातच सराव. काका म्हणतात, चिखलात पकड शिकलेला गडी कोरड्यावर कधी सुटू देत नाही, कारण निसटणारा घोटा कसा धरायचा हे त्याच्या बोटांना कळतं. अंगात बनियन, त्यावर आकडा शिवलेला, तो बहुतेक आईने नाहीतर बहिणीने. बुटांचा प्रश्नच नव्हता. आमची आत्या, काकांची धाकटी बहीण, हे आकडे शिवायची. तिचा स्वतःचा दम काकांपेक्षा लांब होता, हे काका आजही कबूल करतात. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून कलकत्त्याला सुरू झालेल्या होत्या, पण ती बातमी आमच्या वाडीपर्यंत पोचली नव्हती, आणि आशियाई खेळांत मुलींची कबड्डी यायला २०१० उजाडावं लागलं. आत्याने दुसऱ्यांचे आकडे शिवले. याचं मला वाईट वाटतं, आणि ते इथे लिहून ठेवतो.

सातजणांत दोघे बौद्धवाड्यांतले, एक दासगावकडचा कोळी, एक मुसलमान मोहल्ल्यातला, बाकी कुणबी आणि मराठे. ही निवड कोणी ठरवून केली नव्हती. शारीरिक शिक्षणाचे सर शिट्टी वाजवत आणि ज्याचा पाय चांगला तो उभा राही. मामा डाव्या कोपऱ्यात. बुटके, रुंद, आणि जमिनीला चिकटून उभे राहणारे. त्यांच्याशेजारी काका. पहिल्या दिवशी सरांनी साखळी करायला सांगितली तेव्हा मामांनी हात पुढे केला नाही. त्यांनी फक्त बनियनचं टोक पुढे केलं, धरायला. काकांना वाटलं, घाम पुसायला देतोय. सर ओरडले, ‘हात धरा, कपडे काय धरता!’ आणि काकांनी हात धरला.

हा प्रसंग दोघंही सांगतात, वेगवेगळा. काकांच्या सांगण्यात तो दोन वाक्यांत संपतो. मामा सांगतात तेव्हा त्यात घाट आहे, पाऊस आहे, आधीच्या रात्री वडिलांनी दिलेली ताकीद आहे: खेळ, पण कोणाच्या अंगाला आपणहून लागू नको, तंटा होईल. कबड्डी खेळायला निघालेल्या मुलाला हे सांगावं लागत होतं. मामा म्हणतात, चढाईत मी शिवत होतो त्याचं काही वाटत नव्हतं, तो डाव होता. हात धरणं म्हणजे डाव नव्हता.

मग सामने सुरू झाले. त्या हंगामात सरावासाठी टीम गावोगावच्या मंडळांशीही खेळली. एका गावात, नाव काका घेत नाहीत आणि मीही घेत नाही, मध्यंतरात यजमान मंडळींनी पाणी आणलं. कळशी आणि दोन लोटे. पाचजणांना लोटे दिले. दोघांना ओंजळ करायला सांगून वरून पाणी ओतलं. ते कोण हे त्यांना आधीच विचारून माहीत झालं होतं. काका म्हणतात, ‘आमच्या ध्यानातच आलं नाय. ध्यानात आलं नाय, हीच खरी गोष्ट. आमाला सवय व्हती ती बघायची.’ सामना पुढे खेळले. जिंकले. एसटीत मामा गप्प होते आणि बाकीचे गाणी म्हणत होते. दासगावच्या कोळ्याच्या पोराने गाणं थांबवून विचारलं, ‘तू का गप?’ मामांनी सांगितलं.

पुढच्या सामन्याला टीमने स्वतःची कळशी नेली. कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या शिपायाकडून मागून आणलेली, आणि एक पितळी पेला आमच्या घरून. मध्यंतर झालं की सातही जण आपल्याच कळशीतलं पाणी त्याच एका पेल्याने पीत, मैदानाच्या मधोमध बसून, सगळ्यांना दिसेल असं. भाषण नाही, काही नाही. एका ठिकाणी लोकांनी आरडाओरडा केला. सर मैदानात आले, मोहल्ल्यातल्या गड्याच्या हातातून पेला घेतला आणि स्वतः पाणी प्यायले. सर ब्राह्मण होते. त्यानंतर आरडाओरडा थांबला. मला या गोष्टीतला सरांचा भाग आवडतो, पण मामांना तो तितका आवडत नाही. ते म्हणतात, आमी सातजण पीत होतो तेवढं पुरेसं होतं. मला त्यांचं पटतं.

त्या हंगामातली सर्वांत मोठी पकड विभागीय फेरीतली. समोरचा चढाईपटू उंच, लांब पायांचा, दोन वेळा हात लावून मध्यरेषेवर परत गेलेला. आपली फळी तीनवर आली होती. तिघं बाद झाले की लोण, वर दोन गुण. तो आला, उजवीकडे झुकला, सगळ्यांना वाटलं तिकडेच जाणार. मामा हलले नाहीत. त्याचा डावा पाय मागे जमिनीवर टेकला त्या क्षणी मामा झेपावले आणि घोटा धरला. तो ओढत निघाला. मामांचा हात काकांच्या हातात. काका सांगतात, ‘माझा खांदा निखळला असं वाटलं, पण सोडतो कसा? तो सुटला असता तर मामाबी सुटला असता.’ तिसरा येऊन कमरेवर पडला. चढाईपटूची बोटं मध्यरेषेपासून वीतभर राहिली आणि दम तुटला. सामना त्या पकडीने वाचला. पुढच्या फेरीत ते हरले आणि हंगाम संपला. टीममधला कोणीही विद्यापीठाच्या संघात गेला नाही.

पण हंगाम संपण्याच्या आधी मामा आमच्या घरी आले. ते अंतर मला मोजून दाखवता येतं, कारण आमचं घर तेच आहे. अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, मग चूल. पहिल्या दिवशी मामा अंगणातच उभे राहिले. काका पडवीत या म्हणाले. आजी आतून बघत होती. आजोबा, गिरणीतून निवृत्त होऊन आलेले, ओटीवर बसले होते. त्यांनी मामांचा हात मागितला, बोटं उघडून बघितली, आणि विचारलं, ‘डावा कोपरा?’ मामा हो म्हणाले. आजोबांनी आपला वाकडा अंगठा दाखवला. मग दोघं पडवीत बसून घोट्याच्या पकडीबद्दल बोलत राहिले. आजीने चहा कपातून दिला, वेगळ्या कपातून. पुढे सुकटीचं कालवण आणि भाकरी ओटीवर. माजघरात मामा जेवायला बसले ते आत्याच्या लग्नात, म्हणजे कित्येक वर्षांनी. एका हंगामाने अंगणापासून ओटीपर्यंत आणलं, आणि पुढच्या दोन खोल्यांना त्याहून किती जास्त काळ लागला, हे मी घराचा विस्तार म्हणून सांगत नाही. आमच्या घराचा खरा इतिहास तोच आहे.

माझी भाची अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात शिकते. तिकडे कॉलेजच्या फुटबॉलचा हंगाम शरद ऋतूत, दर शनिवारी सामने, आणि अख्खं शहर आपल्या कॉलेजच्या रंगाचे कपडे घालून लोटतं. तो आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचं, अकराजणांनी अकराजणांना पाडायचं. तिने एकदा काकांना फोनवर तिथल्या एका गड्याची गोष्ट सांगितली. विल्मेथ सिदात-सिंग. जन्म १९१८, कृष्णवर्णीय आईबापांच्या पोटी. वडील वारल्यावर आईने सॅम्युएल सिदात-सिंग या भारतीय डॉक्टरशी लग्न केलं आणि मुलाला ते आडनाव मिळालं. मुलगा बास्केटबॉल आणि फुटबॉल दोन्हींत चमकला, विशेषतः त्याची लांब फेक. आडनावामुळे वर्तमानपत्रांनी त्याला ‘हिंदू’ ठरवून टाकलं आणि तो मैदानात चालून गेला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये सिराक्यूजचा सामना मेरीलँड विद्यापीठाशी बाल्टिमोरला होता. सामन्याच्या तोंडावर सॅम लेसी या कृष्णवर्णीय पत्रकाराने छापलं, की हा मुलगा हिंदू नाही, आपल्यातला आहे. लेसीला त्याचा खरा वारसा लोकांपुढे यावा असं वाटत होतं. मेरीलँडने कृष्णवर्णीय खेळाडूसमोर खेळायला नकार दिला. सिराक्यूजने त्याला बाकावर बसवलं.

काकांनी विचारलं, ‘मग टीमनं काय केलं?’

‘खेळले,’ भाची म्हणाली. ‘तेरा-शून्यने हरले.’

काका बराच वेळ बोलले नाहीत. त्यांना ती कळशी आणि ते दोन लोटे आठवत होते, हे मला त्यांच्याकडे बघून कळत होतं. भाचीने पुढचं सांगितलं. पुढच्या वर्षी मेरीलँडचा संघ सिराक्यूजला आला, सिदात-सिंग खेळला, आणि सिराक्यूज त्रेपन्न-शून्यने जिंकलं. काका खुर्चीत सरळ बसले. ‘त्रेपन्न!’ ते म्हणाले आणि लगेच मामांना फोन लावला. मामांनी ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी विचारल्या: त्या मुलाचं पुढे काय झालं, आणि माफी कोणी मागितली का. तो मुलगा दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांच्या दलात गेला आणि १९४३ साली सरावाच्या उड्डाणात ह्यूरन सरोवरात पडून गेला. वय पंचवीस. त्याचा बास्केटबॉलमधला १९ आकडा विद्यापीठाने २००५ साली कायमचा राखून ठेवला, आणि मेरीलँडने २०१३ साली जाहीर माफी मागितली. ‘शहात्तर वर्षांनी,’ मामांनी फोनवरच हिशेब केला. त्यांचा हिशेब नेहमी पक्का असतो, ते गणिताचे मास्तर होते.

माझ्या मते ज्यांनी कबड्डीचा इतिहास लिहिला त्यांनी मापं आणि पदकं नीट सांभाळली. १९५२ चे मद्रासचे पहिले राष्ट्रीय सामने, बुवा साळवींनी या खेळासाठी वेचलेलं आयुष्य, १९९० चं बीजिंगचं आशियाई सुवर्ण, २०१४ ची प्रो कबड्डी, मॅट, बूट, दिवे, लाखांच्या बोली. हे सगळं लिहिलं गेलं आणि ते योग्यच झालं. कळशीची नोंद मात्र कुठे नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातले गडी पेट्या घेऊन गावी परतले. तेव्हा तालुक्यातल्या मंडळांच्या टीम कधी नव्हत्या इतक्या तगड्या झाल्या, आणि घरोघरी चूल पेटवायची पंचाईत होती. हे काका सांगतात, कोणत्याही अहवालात ते सापडणार नाही. आणि त्याच टीम पुन्हा वाडीवाडीच्या झाल्या, हेही तेच सांगतात.

आता तर ‘समाज मर्यादित’ स्पर्धा निघाल्या आहेत. कोकणात क्रिकेटच्या निघाल्या, कबड्डीच्याही निघतात. ज्या त्या समाजाची वर्गणी, ज्या त्या समाजाचे गडी, छान मंडप, मोठे करंडक. त्यांतली पोरं वाईट नाहीत. कित्येकांना ठाऊकही नाही, की आपण कोणता जुना ओढा पुन्हा खणतोय. गेल्या शिमग्याच्या आधी अशाच एका स्पर्धेचे दोन तरुण संयोजक काकांकडे उद्घाटनाचं निमंत्रण घेऊन आले. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, ‘मामांचा नातू चांगला खेळतोय, त्याला घ्याल?’ पोरं अवघडली. ‘काका, तसं नाही, पण स्पर्धा आपल्या समाजापुरती आहे.’ काका म्हणाले, ‘मग मी येऊन काय सांगू? माज्याकडं सांगायला एकच टीम हाय.’ ते गेले नाहीत. पोरं रागावली. त्यातला एक मात्र आठवड्याने परत आला आणि त्या टीमबद्दल विचारत दोन तास बसला.

मामांचा नातू लोणेऱ्याला इंजिनिअरिंग शिकतो. आमच्याच तालुक्यातलं हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. महामार्गालगत मोठं आवार आहे. यंदा त्याच्या टीमचा सराव सामना होता, तेव्हा मी दोघांना गाडीतून घेऊन गेलो. काकांचा खांदा आता वर जात नाही, मामांचे गुडघे दुखतात. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पण दोघं उभेच राहिले. नातू डाव्या कोपऱ्यात, त्याच्याशेजारी हात धरून उभा असलेला मुलगा कोण, कुठला, हे मी विचारलं नाही आणि त्या दोघांनीही विचारलं नाही. समोरचा चढाईपटू आत आला, उजवीकडे झुकला, नातू त्याच्या खांद्याकडे बघत फसला आणि बाद होऊन बाहेर आला.

‘पाय बघ!’ मामा रेषेबाहेरून ओरडले. ‘खांदा काय बघतोस, पाय बघ!’

‘आणि हात का सोडलास?’ काका त्यांच्याही वरच्या आवाजात ओरडले. पंचांनी दोघांनाही दोन पावलं मागे सरकायला सांगितलं.